आमच्या खोलीतला पाचवीचा विद्यार्थी

उत्तम शिक्षक या जगात पुष्कळ होऊन गेले असतील, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण उत्तम विद्यार्थी म्हणाल तर आजवर एकच झाला, आणि तो धुळ्याला डी.एड. करताना माझा रूम पार्टनर होता. उत्तम म्हणजे हुशार असं कुणी समजू नये. हुशार विद्यार्थी पैशाला पासरी मिळतात. हा नखशिखांत विद्यार्थी होता. उंची पावणेसहा फूट, झुपकेदार मिशी, केळीचे घड वाहून वाहून रुंद झालेले खांदे. आणि असा हा गडी बाकावर बसला की दोन मिनिटांत दहा वर्षांचा होई. गुडघे बाकाखाली मावत नसत, ते दोन्ही बाजूंनी बाहेर यायचे. पण चेहऱ्यावर असा काही निरागस मठ्ठपणा पसरायचा की शिकवायला उभ्या राहिलेल्या माणसानं हातातला खडू खाली ठेवावा.

आधी आमच्या पाठांची रीत सांगतो, म्हणजे या गृहस्थानं आमचं काय वाटोळं केलं ते समजेल. त्या काळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं, तेव्हा आम्हाला पाचवीच्या पोरांना पहिलंवहिलं इंग्रजी कसं शिकवायचं ते शिकायचं होतं. पण खऱ्या पोरांवर आम्हाला एकदम कोण सोडणार? म्हणून आधी सराव वर्गमित्रांवर. एकानं मास्तर व्हायचं, बाकीच्यांनी पाचवीची पोरं व्हायचं. मास्तरानं आंब्याचं चित्र धरून 'व्हॉट इज धिस?' विचारायचं आणि मिशा फुटलेल्या, दोन वेण्या घातलेल्या सगळ्या पोरांनी एका सुरात 'इट इज अ मँगो' म्हणायचं. मागं इंग्रजीचे सर घड्याळ टेबलावर काढून ठेवून निरीक्षण लिहीत बसलेले. यात एक साटंलोटं होतं, कुणी न सांगता ठरलेलं: माझ्या पाठात तू बरोबर उत्तरं दे, तुझ्या पाठात मी देतो. त्यामुळे आमचे सगळे पाठ कसे लोण्यासारखे जायचे. आमच्यातल्या निम्म्यांना मँगोच्या पुढचं इंग्रजी येत नव्हतं, पण ते उघडं पडायची सोयच नव्हती.

हे साटंलोटं या माणसानं मोडलं. तो आमच्याहून एक वर्षानं पुढचा, पण इंग्रजीचा वार्षिक पाठ राहिला म्हणून पुन्हा आमच्या तुकडीत येऊन बसला होता. तो का राहिला, तेही ऐकण्यासारखं आहे. गेल्या वर्षी परीक्षकांसमोर त्यानं एका खऱ्याखुऱ्या पोराला 'व्हॉट इज धिस?' असं विचारलं. पोराला येईना. दुसऱ्या कुणी दुसऱ्या पोराला विचारून वेळ मारून नेली असती. हा थांबला. पोरगं बोलेल म्हणून हातात पेन धरून तासाची घंटा होईपर्यंत थांबला! परीक्षकांनी नापास केलं तर त्यांचं काय चुकलं? पण हा वर्षभर मला सांगायचा, "अरे, त्याचे ओठ हलले होते भो. आणखी एक मिनिट मिळालं असतं ना, तर बोललंच असतं ते."

त्याचं घर चोपड्याकडचं, केळीवालं. घरून आलेला अख्खा घड आमच्या खोलीत कडीला टांगलेला असायचा आणि मी जे काही डी.एड. झालो ते मुख्यत्वे त्या घडावर झालो. शेतीत हात कमी पडत होते. त्यामुळे त्याच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, घडासोबत निरोपही पाठवला होता: "औंदा पास व्हयना ते मास्तर, नही ते केळीना घड." म्हणजे यंदाचा पाठ गेला की मास्तरकी गेली. याचं केळीशी वाकडं नव्हतं, पण मास्तर व्हायचं वेड मात्र जबरदस्त होतं. त्या वेडापायी कुणी रात्रंदिवस पाठांची टाचणं काढतो, कुणी तक्ते रंगवतो. यानं ठरवलं की आधी विद्यार्थी नीट व्हायचं.

रोज सकाळी दाढी करता करता तो मला आरशातून बातमी द्यायचा. "भो, आज मी नवा येल शे. आबाची बदली झाली, माझं इथं कुणी ओळखीचं नाही." झालं! म्हणजे आज हा नवा आलेला पोरगा, त्या दिवशी ज्याचा पाठ असेल त्याच्यावर संक्रांत. हा कोपऱ्यात अंग चोरून बसायचा, विचारलं की डोळ्यांत पाणी आणायचा. दुसऱ्या दिवशी तो तापातून उठलेला असायचा. कधी खोडकर असला की माझ्या शेजारच्या आडदांड गड्याकडे बोट दाखवून "गुरुजी, हा मला चिमटे काढतो" म्हणून रडायचा. त्या बिचाऱ्याचं लग्न ठरलेलं होतं, तो लाजून लाल व्हायचा. बाकाखाली चिंचा खाणं, करंगळी वर करून दर पाच मिनिटांनी बाहेर जायची परवानगी मागणं, हे तर रोजचंच. पण खरा छळ वेगळाच होता. पाठात जे शिकवलं नाही ते त्याला यायचं नाही म्हणजे नाहीच. 'स्टँड अप' शिकवायच्या आधी स्टँड अप म्हटलं की हा ढिम्म बसून राही आणि सरांनी डोळे वटारले तर नम्रपणे सांगे, "सर, पाचवीत आजच बसलोय."

आमच्या वर्गात एक साक्रीकडची मुलगी होती, सगळ्या तुकडीत तिला अक्का म्हणायचे, कारण ती सगळ्यांना रागवायची. तिनं दोन संध्याकाळी जागेवरून न उठता आंब्याचं चित्र रंगवलं होतं. आता चित्रकला सगळ्यांनाच येते असं नाही. तिनं ते वर धरलं, 'धिस इज अ मँगो' म्हणाली, आम्ही सगळे मँगो मँगो करायला लागलो आणि मागून याचा आवाज आला, "गुरुजीबाई, हे वांगं आहे." अक्कानं पुन्हा मँगो म्हटलं. हा हळहळून म्हणाला, "भरताचं आहे. आमच्याकडे येतं." मग सगळ्यांनाच ते वांगं दिसायला लागलं. काय करणार! सरांनासुद्धा दिसलं असावं, कारण शैक्षणिक साधनांच्या रकान्यात त्यांनी शून्य घातलं. अक्का रडली, आणि हा दुपारी तिच्यासाठी सहा केळी घेऊन समजूत घालायला गेला. "खरी पोरं म्हटलीच असती अक्का, त्यापेक्षा मी म्हटलेलं बरं," असं काहीतरी बोलला. तिनं केळी ठेवून घेतली आणि याला हाकलून दिलं.

माझ्या पाठाचं त्यानं काय केलं ते सांगायला मला अजून जड जातं. मी आज्ञार्थी वाक्यं घेतली होती. 'गो टू द डोअर' म्हटलं, हा दाराशी गेला. 'ओपन द डोअर' म्हटलं, यानं उघडलं. उत्साहाच्या भरात मी 'गो आउट' म्हणालो, हा बाहेर गेला. 'कम इन' मी पुढच्या पाठासाठी राखून ठेवलं होतं. तो काही आत येईना. आणि खरं सांगतो, मला बरंच वाटलं! मी दार लोटून घेतलं आणि उरलेल्या शहाण्या पोरांबरोबर पाठ झकास पुरा केला. हा आवारातल्या लिंबाखाली जाऊन बसला तो मधल्या सुट्टीपर्यंत. शेवटी सरच शोधायला गेले. "इथं काय करताय?" "गो आउट झालंय सर. कम इन अजून शिकवलं नाही." सर तसेच मागं फिरले. वर्गात आले, माझी निरीक्षण वही घेतली आणि खाली लाल शाईनं एकच ओळ लिहिली: 'पाठाच्या शेवटी एक विद्यार्थी कमी.'

मी त्या दिवशी खोलीवर येऊन त्याच्याशी कडाडून भांडलो. कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढ्यात होता, तोही नको म्हणालो. तो शांतपणे जेवत राहिला आणि मग म्हणाला, "तुम्ही बठ्ठा शिकेल पोरेसले शिकाडतस. मंग न शिकेल कोन व्हई?" तुम्ही सगळे आधीच शिकलेल्या पोरांना शिकवता, मग न शिकलेलं कुणी व्हायचं? मी म्हटलं, "तू हो, आणि केळीत जा!" हे बोलायला नको होतं. त्याचा हातातला घास क्षणभर थांबला, मग त्यानं तो खाल्ला आणि माझ्या ताटात ठेचा वाढला.

वार्षिक पाठाचा दिवस उजाडला. आमचे सगळ्यांचे इंग्रजीचे पाठ आधीच आटोपले होते, याचा एकट्याचा उरला होता. बाहेरगावचे परीक्षक आले, जाड भिंगांच्या चष्म्याचे, कमी बोलणारे. आणि नेमकी त्याच सकाळी कुणीतरी मोठा पुढारी वारला म्हणून शाळेला सुट्टी जाहीर झाली. पोरं दप्तरं उडवत घरी गेली. परीक्षकांना दुपारच्या गाडीनं जळगावला पोचायचं होतं. प्राचार्यांनी डोकं खाजवलं आणि तोडगा काढला: तुमचेच वर्गमित्र बसवा. हे ऐकलं आणि आम्ही बावीस जणांनी एकमेकांकडे पाहिलं. वर्षभराचा हिशोब एका नजरेत मांडला गेला.

गेटासमोरच्या टपरीवर चहा घेता घेता ठराव पास झाला. सूचक अक्का, अनुमोदक मी. याच्या पाठात कुणाला काही येणार नाही. "जशास तसं," अक्का म्हणाली, "कळू दे एकदा काय वाटतं ते." नानांचा निरोप माहीत असलेला त्या टपरीवर मी एकटाच होतो. सांगायला हवं होतं. पण त्या लाल शाईच्या ओळीची आग माझ्या मनात अजून विझली नव्हती. फार ताणलं तर आपण एखादं उत्तर देऊ, अशी मनाची समजूत घालून मी कपातला चहा संपवला.

तो आत आला. पांढरा शर्ट, केसांना तेल, हातात कापडी पिशवी. 'गुड मॉर्निंग' म्हणाला. आम्ही गप्प. 'स्टँड अप' म्हणाला. कुणी हललं नाही. परीक्षकांनी भिंगातून वर पाहिलं. आता याची गाळण उडणार म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि काय सांगू, त्याचा चेहरा असा उजळला की जणू इतके दिवस ज्यांची वाट पाहत होता ती पोरं आज कुठं शाळेत आली! तो खाली फरशीवर मांडी घालून बसला. 'सिट डाउन' म्हणाला. उठला. 'स्टँड अप' म्हणाला. पुन्हा बसला. असं चार वेळा त्या अवाढव्य माणसानं परीक्षकांसमोर केलं. पाचव्या वेळी तो आडदांड गडी, ज्याचं लग्न ठरलं होतं तो, आपसूक उभा राहिला आणि मग ओशाळून खाली बसला. "व्हेरी गुड!" हा म्हणाला. "उठलाही, बसलाही!"

मग पिशवीतून केळ निघालं. 'धिस इज अ बनाना.' ते नाचवत तो अक्कापाशी आला. 'व्हॉट इज धिस?' अक्कानं डोळे मोठे केले आणि अगदी भोळेपणानं म्हणाली, "गुरुजी, वांगं." वर्गात हशा फुटला. परीक्षकांनी काहीतरी लिहिलं. हा मात्र विचारात पडल्यासारखा झाला. "वांगं? असेल बुवा. बघू तर." त्यानं केळ तिच्या हातात दिलं, सोलायला लावलं, खायला लावलं. "कच्चंच खातेस वांगं? गोड लागतं?" अक्काचं तोंड भरलेलं. ती हसावं की गिळावं या पेचात, आणि त्या पेचातच तिच्या तोंडून 'बनाना' निघून गेलं. तो म्हणाला, "इट इज अ बनाना. व्हेरी गुड." पुढं त्याच्या पिशवीतली केळी सगळ्या वर्गात फिरली.

मग माझी पाळी. त्यानं माझ्याकडे बघून 'गो टू द डोअर' म्हटलं आणि माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. मी उठलो, दाराशी गेलो, आणि न सांगताच बाहेर पडलो. तडक लिंबाखाली जाऊन बसलो. म्हटलं, घे! आता मोज विद्यार्थी. आतून हसणं ऐकू आलं, मग शांतता झाली. बाहेर लिंबोळ्या पडलेल्या होत्या, त्या मी पायानं चिरडत होतो. आणि बसल्या बसल्या मला पहिल्यांदाच वाटलं की त्या दिवशी हा इथं दीड तास बसला होता, तेव्हा दाराकडेच बघत बसला असेल.

दार उघडलं. तो स्वतः आला होता. परीक्षक, पाठ, घड्याळ सगळं आत सोडून. उन्हात माझ्यासमोर उभा राहिला, दाराकडे चार पावलं उलटा चालत गेला आणि हातानं बोलावत म्हणाला, 'कम इन.' मी उठलो नाही. तो परत आला, पुन्हा तसाच गेला. 'कम इन.' तीन वेळा. तिसऱ्या वेळी माझ्या डोळ्यांना काय झालं ते मला कळेना. मी उठलो आणि त्याच्यामागून आत गेलो. आणि त्याच वेळी पाठ संपल्याची घंटा झाली.

परीक्षकांनी टाचण उघडलं. "दहा वाक्यं लिहिलीत. पाच झाली. पाच राहिली."

"हो सर. ती उद्या घेईन," हा म्हणाला.

"उद्या इथं कोण बघणार आहे?"

याच्या मिशीखालचे ओठ नुसते हलले. आणि त्या क्षणी मागून अक्का ताडकन उठली. "सर, चूक आमची आहे. आम्ही मुद्दाम केलं. आमचं ठरलं होतं." मीही उभा राहिलो, "हो सर, माझाच हात होता त्यात," म्हणालो. मग बाकीचे. बावीस जण उभे! गंमत बघा, इतका वेळ स्टँड अप म्हणून म्हणून हा थकला तेव्हा एक गडी सोडून कुणी उठलं नव्हतं.

त्यानं आमच्याकडे पाहिलं, रागानं पाहिलं. आणि परीक्षकांकडे वळून हात जोडून म्हणाला, "लक्ष देऊ नका सर. लहान पोरं आहेत, काहीही बोलतात."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांना हसू आलं होतं की काय, ते कधीच कळलं नाही. अक्काच्या बाकावरची केळीची साल दोन बोटांनी उचलून त्यांनी खिडकीबाहेर टाकली आणि गाडी गाठायला निघून गेले. निकाल लागायला महिना गेला. त्या महिन्यात मी त्याच्याशी धड बोलू शकलो नाही आणि त्याच्या घडातलं एक केळही माझ्या घशाखाली उतरलं नाही. फळ्यावर यादी लागली तेव्हा त्याच्या आधी मी धावलो. काठावर का होईना, पास! मी त्याला मिठी मारली आणि तो म्हणाला, "कारे भो, तू का रडी ऱ्हायना? आज तू नवा येल शे का?"

नोकऱ्या लागल्या, पांगापांग झाली. मी दोंडाईच्याकडे मास्तरकी करता करता पुढं केंद्रप्रमुख झालो, म्हणजे शाळा तपासत हिंडू लागलो. नव्वदीच्या शेवटी शेवटी बदलीनं सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळा माझ्याकडे आल्या आणि यादीत याचं नाव दिसलं. दिवस कापूस वेचणीचे होते. त्या दिवसांत त्या भागातल्या शाळा निम्म्या रिकाम्या असतात, पोरं आईबापांबरोबर शेतात जातात. मी मुद्दामच न कळवता गेलो. दारात उभा राहिलो. हा शिकवत होता. मिशी पिकली होती, खांदे थोडे उतरले होते. त्यानं मला पाहिलं, पण साहेब आले म्हणून धावपळ नाही की खुर्ची पुसणं नाही. हातानं बोलावलं आणि म्हणाला, 'कम इन.'

मी आत गेलो आणि सगळ्यांच्या मागं सतरंजीवर बसलो. वर्ग गच्च भरलेला होता. मी हजेरीपट ओढून घेतला, डोकी मोजली, पुन्हा मोजली. एक कमी नव्हतं. शेजारच्या मुलीला हळूच विचारलं, तर ती म्हणाली, गुरुजी सकाळी वावरात येतात आणि बांधावर उभं राहून 'कम इन' म्हणतात. आम्ही उठलो नाही तर पुन्हा म्हणतात. एवढ्यात हा केळ घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. 'व्हॉट इज धिस?'

सगळी पोरं माझ्याकडे वळून बघायला लागली. मी डोळे मोठे केले आणि म्हणालो, "गुरुजी, वांगं."

अहो, काय तो गलका! पोरं हसून एकमेकांवर पडली, मागची पुढं आली, आणि चाळीस तोंडं एकदम मला शिकवायला लागली, 'बनाना! इट इज अ बनाना!' या साहेबाला एवढंही येत नाही म्हणून त्यांना माझी खरोखर दया आली असावी. तो मात्र हसला नाही. माझ्यासमोर उभा राहून त्यानं वाट पाहिली. मला म्हणायचं होतं, पण नुसते ओठच हलत होते. तो थांबला. त्याला घाई कधीच नव्हती.

निघताना मी शाळेची शेरेवही मागवली. तपासणीचे शेरे लिहिण्यात माझा हातखंडा होता, चार-चार पानं लिहायचो. त्या दिवशी एकच ओळ लिहिली आणि खाली सही केली: 'पाठाच्या शेवटी एकही विद्यार्थी कमी नाही.'

त्यानं ती वाचली, वही मिटली आणि फाटकापर्यंत पोचवायला आला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो तिथंच उभा होता. हात मात्र निरोपाचा करत नव्हता, आत बोलावल्यासारखा करत होता.